दोन शेड खाली

७ जानेवारी, रविवार

आज दिवसभर लहान मुलींची नाकं पाहिली.

ऊर्जानगर, म्हणजे चंद्रपूरच्या पॉवर स्टेशनची कॉलनी, तिथल्या क्लबचा हॉल. मधाची जाहिरात आहे, त्यासाठी ‘जंगलातली मुलगी’ हवी. मुंबईहून आदेश नावाचा कास्टिंगवाला आलाय – तिशीच्या आतला, कोरीव दाढी, टीशर्टवर वाघ. वाघ इथे उतरल्यावर विकत घेतला असावा. मी लोकल कोऑर्डिनेटर! म्हणजे गाड्या, चहा, परवानग्या आणि पोरं जमवणारी बाई. पेपरातल्या विनोदी कॉलमवर घर चालत नाही, म्हणून हे.

कशी मुलगी हवी ते त्याने आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. ट्रायबल, पण प्लेझंट. रंग गव्हाळ. नाक सरळ. दात एका ओळीत. डोळ्यांत निरागसपणा.

अरे बाबा, आमच्याकडे धान पिकतं. गहू कुठून आणू?

आया पोरींना पावडर थापून घेऊन आल्या होत्या. आदिवासी मुलगी हवीय हे दारात कळलं, तशी रुमालाने पावडर पुसायची धांदल. एकीने मला कोपऱ्यात ओढलं – “निशाताई, ही मुळात गोरीच आहे हं. पण म्हणाल तेवढी सावळी करून देऊ.” जणू खिचडीत तिखट कमी-जास्त!

एका मुलीला आदेशने दोन मिनिटांत बाहेर पाठवलं. “आदिवासी म्हणून जरा जास्तच डार्क आहे.” मुलगी आदिवासीच होती. वडील पॉवर स्टेशनात फिटर. तिच्या वडिलांनी मान डोलावली, जणू चूक त्यांच्याकडूनच झाली.

मग उर्वशी. इंजिनिअरची मुलगी, गोड, हसरी. आदेश म्हणाला, “फार फेअर आहे. पण स्टँडबाय ठेवू. दोन शेड खाली आणता येतं. वर नेलं की लगेच कळतं.”

माणसाच्या कातडीचं इतकं सरळ व्याकरण मी आजवर ऐकलं नव्हतं.

९ जानेवारी

क्लाएंटला आता ‘रिअल’ हवंय. रिअल मुलगी, रिअल गाव. उद्या पहाटे हेमलकशाकडे निघायचं.

आमचा ड्रायव्हर धनराज म्हणतो, “बाई, मुंबईवाल्याले खरा आदिवासी पाह्यचा हाय तं मले पाह्य म्हणा ना. मी गोंड नाई तं काय हाय? गाडीत समोरच बसून हाय!”

मी म्हटलं, वय बसत नाही तुमचं.

“नाक बी नाई बसत जी,” म्हणाला.

११ जानेवारी

मुलगी सापडली.

हेमलकशाच्या पुढे, डांबर संपल्यावरही बरंच आत. गावात पंडुम, म्हणजे सण, म्हणून पोरं आश्रमशाळेच्या होस्टेलवरून घरी आलेली. आदेशने त्यांना कुडाच्या भिंतीशी उभं केलं. हसा. नका हसू. डावीकडे बघा. दात दाखवा. बैलबाजारात शोभेल असं सगळं! पोरं बिचारी मजेत करत होती.

एकच पोरगी त्याला उलट बोलली. “तू आमचा फोटो काढून राह्यला. तुहा कोण काढते?”

आदेश हसला आणि तिथेच ठरलं. करिश्मा. दहा वर्षांची, पाचवीत. घरी माडिया, शाळेत मराठी, आणि मोबाइल पाहून आलेली हिंदी. बाप लच्छू – मध, डिंक काढतो, मोह वेचतो, थोडं धान लावतो. आई बुधरी, तिला मराठी जेमतेम. आणि आजी, तिला अजिबात नाही. आमचं सगळं बोलणं करिश्माच्या तोंडून इकडून तिकडे गेलं.

आजीचा चेहरा गोंदणाने भरलेला. कपाळ, गाल, हनुवटी. आदेश तिच्याभोवती फिरून फोटो काढत होता. “काय ऑथेंटिक! मार्व्हलस!” आजीने विचारलं, हा माणूस आजारी आहे का? करिश्माने हे भाषांतर अगदी चोख केलं.

करिश्माला एकच विचारायचं होतं – “बाई, म्या टीव्हीत दिसन ना पक्की? होस्टेलात पोरी म्हणते, तू झूट बोलते. दिसली तं मानतीन.”

दिसशील, म्हटलं.

निघताना आदेशने मला बजावलं, “शाळेची छाप नको. त्या वेण्या, त्या रिबिनी, नो. पाहताक्षणी ट्रायबल कळली पाहिजे.” मी ते माझ्या मराठीत आणलं. “फिल्मवाल्यांना शाळेतली पोर नको. बघितल्याबरोबर वाटलं पाहिजे, ही आपली पक्की माडिया पोर.” करिश्माने ते माडियात नेलं. बुधरीने आजीकडे पाहिलं. आजीने सावकाश मान हलवली.

गाडीत मी आदेशला म्हटलं, समजलं त्यांना.

१५ जानेवारी

संक्रांत. आज गोड बोलायचं, म्हणून आदेशला काही बोलले नाही. करिश्मा फायनल.

२५ जानेवारी

करिश्माला शूटिंगसाठी आणायला गेलो. धनराजने गाडी थांबवली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बाप्पा रे!”

चेहरा सुजलेला. कपाळावर भुवयांच्या वर ठिपक्यांची ओळ. दोन्ही गालांवर ठिपके, हनुवटीवर रेघा. सगळ्यावर काळी खपली. डावा डोळा अर्धाच उघडत होता.

गोंदलंय तिला!

नदीपलीकडून गोंदणारी म्हातारी बोलावली होती. दिव्याची काजळी, तेल, सुया. हल्ली मुली गोंदून घेत नाहीत. बुधरीच्याही फक्त हातावर आहे. करिश्मा तर शाळेत जाते, तिचं करायचं कुणाच्या मनातही नव्हतं. पण मुंबईची माणसं सांगून गेली होती ना – बघितल्याबरोबर पक्की माडिया वाटली पाहिजे! मग आजीच्या हिशेबात त्याला दुसरा अर्थच नाही. बिनगोंदणाची, उघड्या तोंडाची पोर परक्यांपुढे उभी करायची, आणि तीही टीव्हीत? लोक म्हणतील, ही कोणाची?

“म्या रडलो नाई,” करिश्मा म्हणाली. “आजीनं डोस्कं धरून ठेवलं होतं. थोडासाच रडलो.”

बुधरीने तिच्या केसांना तेल लावलं होतं, रिबिनी काढल्या होत्या, नवं लुगडं आखूड करून नेसवलं होतं. सगळं घर दारात उभं. इतकं नटवून पाठवताना कुणी बघतं तसं बघत होते.

मी काय सांगितलं होतं ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. त्यातला एकही शब्द त्यांनी वाया घालवला नाही.

त्यांना काय सांगणार? गाडीत बसा, म्हटलं. बुधरीही सोबत आली.

आदेशला फोटो पाठवायचं धाडस झालं नाही. जंगलात रेंज नाही, अशी मी मलाच थाप मारली.

२७ जानेवारी

शूटिंग. ताडोबाच्या बाजूचं एक रिसॉर्ट. तिथे शेण सारवलेली झोपडी उभारलीय, शेण पुण्याहून आणलं नाही एवढंच.

आदेशने करिश्माला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मला बाजूला घेऊन – “हे काय करून आणलंत?”

मी म्हटलं, पाहताक्षणी कळतंय ना?

“ताई, जोक नको. क्लोजअपला जखम दिसते ही. लोक मध खातील की डॉक्टरला फोन करतील? आणि चाइल्ड राइट्सवाले मला उभा कापतील.” फोन लावला. कंपनीचा माणूस पलीकडून बराच वेळ ओरडत होता. मग आदेश फोन ठेवून म्हणाला, “उर्वशीला बोलवा.”

ऊर्जानगर काही लांब नाही. अकराच्या आत उर्वशी, तिची आई, आईची बहीण, सगळे हजर.

मेकअपवालीने उर्वशीला दोन शेड खाली आणलं. स्पंज फिरतोय, आई लांबून सूचना देतेय – “मान राहिली हो! कानामागे!” उर्वशी खिदळत होती, तिला गुदगुल्या होत होत्या. तिचा काय दोष. तिने करिश्माला आपल्या चिप्समधल्या अर्ध्या दिल्या.

तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर मॉनिटर पाहून कंपनीचा माणूस म्हणाला – काहीतरी कमी आहे. प्लेन वाटतेय. ट्रायबल फील येत नाही.

मेकअपवालीला सुचलं. “त्या मुलीसारखे डॉट्स देऊ का? किती सुंदर पॅटर्न आहे!”

आणि मग करिश्माला बोलावलं. उर्वशीच्या समोर खुर्ची टाकून बसवलं. “बाळ, चेहरा इकडे. हलू नकोस हं.” करिश्माच्या गालाकडे बघायचं, उर्वशीच्या गालावर आयलायनरने ठिपका द्यायचा. बघायचं, द्यायचा. सगळे नाही घेतले. कपाळावर तीन, गालांवर एकेक. “जास्त झालं तर हेवी वाटेल.” हनुवटी स्वच्छ ठेवली. हनुवटीवर मधाचा थेंब ओघळायचा होता.

करिश्मा अजिबात हलली नाही. तिला वाटत होतं, हिचं झाल्यावर आपला नंबर.

बुधरी झाडाखाली बसली होती. मला खुणेने विचारलं, कधी? मी पाण्याची बाटली दिली. उत्तर म्हणून पाण्याची बाटली देणारी बाई!

उन्हं कलली तेव्हा पॅकअप झालं. करिश्मा माझ्याकडे आली. “बाई, माह्यं?”

मी म्हटलं, तुझं उद्या.

आयुष्यभर लोकांच्या खोटेपणावर कॉलम लिहिले. माझं खोटं इतकं सहज निघालं की मी स्वतःच दचकले.

२८ जानेवारी

खोटं रात्रभरही टिकलं नाही, सकाळी सांगावं लागलं. करिश्माने आईला सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे, बुधरी उठून गाडीत जाऊन बसली.

घरी सोडून आलो. कंपनीने भेट म्हणून मधाच्या बाटल्यांचा खोका दिला. लच्छूच्या घरी मध!

१२ फेब्रुवारी

जाहिरात आली. धनराजने मोबाइलवर दाखवली. धुकं, बासरी, तपकिरी उर्वशी, तीन ठिपके, थेंब. खाली अक्षरं – ‘अस्सल. जंगलाइतकं.’

“बाई, चंद्रपुरातली कोनतीच आदिवासी पोरगी इतकी धुतलेली नसते,” धनराज म्हणाला. मग मोबाइल खिशात ठेवत, “त्या पोरीनं पाह्यलं असन का हो?”

रात्री बसून कॉलम लिहिला. नावं न घेता.

१५ फेब्रुवारी

फोनवर फोन. “सणसणीत!” “काय हाणलंय निशाताई!” ऊर्जानगरच्या दोन आयांचेही आले. त्यांना वाटतं, मी तिसऱ्याच आयांबद्दल लिहिलंय. त्या मुलीचं पुढे काय झालं, असं एकानेही विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

राहवलं नाही, गेले. रविवार म्हणून करिश्मा घरी होती.

खपल्या पडल्यात. सूज गेलीय. ठिपके निळसर-काळे, स्वच्छ, एकेक वेगळा दिसतो. खरं सांगायचं तर देखणं काम आहे. त्या म्हातारीच्या हाताला तोड नाही.

माफी मागायची पाठ करून गेले होते. आजीने बोलूच दिलं नाही. मोहाच्या फुलांचं काहीतरी शिजवलेलं पुढे ठेवलं आणि हसत हसत बोलत राहिली. करिश्मा सांगत होती – “आजी म्हणते, फिल्म गेली तं जाऊ दे. बाई मेली का तिची नथ काढतेत, पाटल्या काढतेत, सप्पा काढून घेतेत. हे कोनी काढत नाई. सोबत जाते. पोरीले दागिना भेटला, तुह्यावर राग काऊन धरू?”

“आणि तुला काय वाटतं गं?” मी विचारलं.

“आजी म्हणते, मस्त दिसते.”

परत येताना धनराज म्हणाला, “पाह्य बाई, त्यायले काईच नाई वाटून राह्यलं. आपनच उगाच जीवाले लावून घेतो.”

किती दिवसांनी मोकळा श्वास आला. ती आजी! आदेश, कंपनी, आयलायनर, मी – सगळे तिच्यापुढे फुटकळ. आम्ही ज्याला नासलं म्हणतो त्याला ती दागिना म्हणते आणि वर जेवायला वाढते. कॉलमचा दुसरा भाग हाच. ‘एका चेहऱ्याचा विजय’ – शीर्षक जरा फुगलंय, पण चालेल.

आज झोप लागेल.

४ मार्च

होस्टेलच्या बाईंच्या मोबाइलवरून करिश्माचा फोन. हळू बोलत होती.

“बाई, मले ते पुसाचं औषध पायजे. त्या उर्वशीच्या तोंडाचं बाथरूमात कापसानं पुसलं तं सप्पा निघालं. मी पाह्यलं.”

मी म्हटलं, बेटा, ते –

“आजीचं नाई निघत, मालूम हाय मले. पन माह्यं तं शूटिंगसाठीच काढलं होतं ना?”