आठवी पट्टी मुकी नाही

१४ नोव्हेंबर २००६, मंगळवार. जव्हार.

मोखाड्याच्या भोये सरांच्या गिटारचा आवाज घडवणारी डिजिटल पेटी करतोय, तिचा इक्वलायझर, म्हणजे जाड-बारीक सूर पट्ट्यापट्ट्यांनी कमीजास्त करणारा भाग, आठवडाभर छळतोय. सात पट्ट्या छान चालतात. आठवी, सगळ्यात बारीक सुरांची, मुकी. फिल्टरचे आकडे तीनदा नव्याने मांडले, तीनदा चिपमध्ये भरले, तरी मुकीच. आज संध्याकाळी वैतागून चाचणीचा बारीक सूर सोडला आणि तिचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तर ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ती शिट्टी आधी बंद करा! कानात सुई घातल्यासारखं होतंय."

"कुठली शिट्टी?"

"थट्टा पुरे. भाकरी करपली माझी."

बटण मागे घेतलं. "आता?"

"गेली."

पुन्हा पुढे. "आली की!"

चार वेळा केलं. दरवेळी तिला आली, मला एकदाही नाही. हसून म्हटलं, "तुझ्या कानांना पगार सुरू करतो." ती देवळात गेल्यावर एकट्याने पुन्हा फिरवून पाहिलं. काही नाही.

म्हणजे पेटी पहिल्या दिवसापासून ठीकच होती. बावीस वर्षं लग्नांतल्या कर्ण्यांखाली उभा राहिलो, त्याचंच हे? कुणाचा स्पीकर फाटलाय ते मी चालत्या जीपमधून सांगायचो. शाळा अर्धवट सुटली, दुकान उभं केलं ते या दोन कानांवर. आता कशावर?

उद्या सर पेटी न्यायला येतील. नेहमीसारखं विचारतील, "तुम्ही ऐकलंत ना? मग झालं."

मी हो म्हणेन.