दहा हजारांच्या वरची सही

१४ सप्टें. ८६, रवि.
सकाळच्या एष्टीनं बाई आली, नदीपलीकडून. आहे थोरली बहीण, पण आमच्या सावली गावात सगळे तिला माझी मायच समजतात. मी दुरुस्त करत नाही. लुगड्याच्या आतून कापडी पट्टा काढला, गिरणीच्या गादीवर ठेवला. अठरा हजार! बांधावरचे साग विकले म्हणे, ठेकेदारानं रोख दिले.
"घे गा नाम्या. तुह्या शेलरले."
जुन्या हलरात तांदूळ तुटतो, निम्मी कणीच. दाणा अख्खा ठेवून भात सोलणारं शेलर आलं तर गिरणी खरी गिरणी होईल. गोंदियाचा मशीनवाला दिवाळीपर्यंत जुन्या भावाला थांबतो म्हणाला आहे.
पण मी पट्ट्याला हात लावला नाही. मोठ्या रोख उधारीवर सरकारनं बंदी घातल्याचं कोर्टाच्या आवारात कानावर पडलं होतं. "दोन दिवस ठेव बाई."
तोंड उतरलं तिचं. "काऊन? खोट्या हायेत का नोटा?"

१६ सप्टें., मंगळ.
चंद्रपूरला वकिलाकडे. खरं आहे. दहा हजार किंवा वर उसने घ्यायचे तर रोख नाही, चेक नाहीतर ड्राफ्ट. नाहीतर केस, आणि वर तेवढाच दंड.
म्हटलं, नऊ-नऊ हजार दोनदा घेतो. वकील हसले. "नामदेवराव, सरकारला बेरीज येते."
ठेकेदारानं तिला रोख दिले ते? तर ते चालतं, स्वतःच्या शेतातलं लाकूड. मग तिनं मला दिले तर? ते नाही चालत. दोघंही निव्वळ शेतकरी असतो तर सोडलं असतं, पण माझी पडली गिरणी. म्हणजे हमालीतून वर आलो, हेच चुकलं.
"बहीण आहे हो माझी."
"कायद्याला बहीण नसते."
फी रोखच घेतली. पावती नाही.

१९ सप्टें., शुक्र.
टपरीवर हाच विषय. रिटायर गुरुजी सरकारच्या बाजूनं. "धाड पडली की जो तो म्हणतो, मेव्हण्यानं उसने दिले. आता म्हणावं दाखव चेक!" किराणावाला तापला. "मोठ्यायच्या नोटायच्या बोऱ्या तशाच फिरून राह्यल्या गुरुजी, अन् अडकते कोन? सागवाली म्हातारी!"
मी दोघांनाही मान डोलावली. गुरुजींचं खोटं नाही. माझाही एक असा कागदावरचा मेव्हणा होऊन गेला. इथं लिहितो, बाहेर बोलायचं नाही.
बाईचं वेगळंच. "बँकेत टाकले का गावभर होते. लुगड्यात होते तवा कोनाले मालूम होतं?" हाही मुद्दाच आहे.
दुपारी चंद्रपूरचा तांदूळ व्यापारी येऊन चाचपून गेला. वीस हजार देतो, कागद नको, चिठ्ठी नको. तीन वर्षं सगळा तांदूळ मात्र त्यालाच, त्याच्या भावानं. "वकिलाले कायले विचारत बसता भाऊ?" गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याचं मी दोनदा ऐकतो.

२४ सप्टें., बुध.
बाईला घेऊन बँकेत. अंगठ्यावर खातं उघडतं, पण चेकबुक मिळत नाही. सही पाहिजे. साहेब नाशिककडचे, तरुण, बोलायला नम्र. "आजी, ड्राफ्ट काढून देतो ना. त्याला अंगठा चालेल."
बाईनं विचारलं, ड्राफ्टावर सही कोणाची?
"बँकेची."
"मंग भावाले पैसे मी देऊन राह्यली का बँक?"
साहेब माझ्याकडे पाहायला लागले. मी पंख्याकडे.
बाहेर आल्यावर म्हणाली, "सही शिकतो मी. किती दिवस लागते?"

३ ऑक्टो., शुक्र.
नऊ दिवस. घरचीनं गिरणीच्या ओट्यावर कोंडा पसरून बोटानं गिरवून घेतलं. 'तान्हाबाई'तला 'ता' दोन दिवसांत आला. 'न्हा' काही येईना. बाई कोंड्यावर फटके मारायची, घरभर कोंडा. मी चौथी शिकलेला, मध्ये बोलायला गेलो तर दोघींनी हाकललं.
आज बँकेच्या कार्डावर तीन सह्या. मागे रांग, "आटपा व बाई" चालू. 'न्हा' तिन्ही वेळा ओळीखाली घसरला, 'बाई' पार कडेला जाऊन पडली. साहेब म्हणाले, चालेल आजी. अठरा हजार जमा. घामानं पाठ भिजली होती तिची. माझीही.

१६ ऑक्टो., गुरु.
चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गेलो, दरवर्षीसारखे. गर्दी फार. बाईनं दोन रुपये दान दिले आणि पावती फाडणाऱ्याला म्हणते, सही मी करतो.
"देणाऱ्याची सही नसते माय. आमचीच असते."
"काऊन नसते?"
बिचाऱ्यानं पेन दिला. तिनं केली. परत येताना एष्टीत उभी होती, तरी तक्रार नाही.
घरी रोजचं चालूच आहे. पेपरच्या कडेला, चुलीजवळच्या भिंतीवर, तांदळाच्या पोत्यावर कोळशानं. सगळीकडे तान्हाबाई.

२२ ऑक्टो., बुध.
चेक! रक्कम मी लिहिली, सही तिनं. एका दमात, पेन न उचलता. 'न्हा' असा बसला, जसा गावचा पाटील. लगेच माझ्या खात्यात टाकला. गोंदियाला तार केली, मशीन राखून ठेव.

२४ ऑक्टो., शुक्र.
चेक परत. "सही जुळत नाही."
साहेबांनी कार्ड आणि चेक शेजारी शेजारी ठेवले. कार्डावर ते घसरलेलं, चेकवर हे ताठ.
म्हटलं, साहेब, शिकली ती या वीस दिवसांत.
"ते दिसतंय हो. पण जुळायला तर पाहिजे. कार्डावरच्यासारखी करा म्हणावं, मी लगेच पास करतो."

२७ ऑक्टो., सोम.
बाई काउंटरवर. साहेबांनी समजावलं, आजी, एकदाच, जरा वाकडी.
"मी मुद्दाम वाईट लिवू?"
"कार्डावर तशीच आहे ना..."
"ते पान फाडा. ते लिवनारी बाई आता नाई राह्यली."
नवं कार्ड करता येतं, पण मॅनेजर रजेवर, दिवाळी करून येणार. एक वाकडी सही आणि शेलर माझं. सांगितलं असतं तर बाईनं माझ्यासाठी केलीही असती. म्हणून तर तिला घेऊन सरळ बाहेर आलो.

२९ ऑक्टो., बुध.
गोंदियाला ट्रंक कॉल. "दिवाळीनंतर भाव वाढते भाऊ. दोन दिवस पाहतो, कबूल नाई करत."
परत येतो तर चंद्रपूरचा व्यापारी गादीवर हजर. नोटांची पिशवी घेऊन. कुठून कळतं यांना! बाई समोरच बसलेली. तिनं त्याला विचारलं,
"तुमी सही करता का अंगठा?"
"सहीच की बाई."
"करून दाखवा."
त्यानं हसत हसत तिच्या पेपरवर केली. बाईनं पेपर दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.
"घाईची हाय."
तो मोठ्यानं हसला. बाई नाही हसली. मला म्हणाली, "नाम्या, चहा सांग यायले."
चहा सांगितला. पिशवी त्याच्या-माझ्या मध्ये आहे. मी अजून तिला हात लावलेला नाही.