आफ्रिकेच्या निधीतून बनशंकरीला

बनशंकरी, बंगळूर
फेब्रुवारी १९९५

प्रिय अक्का हिस, धाकट्या दावीदचा प्रभूमध्ये सलाम.

मी इथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळावी म्हणून रोज प्रार्थना करतो, पण उत्तर पोस्टानेच यावं लागतं, तेवढं मनावर घे. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला कमी असावा (मागच्या दारी बसून बिडी ओढतात, ते मला इथूनही दिसतं). रूबी आणि आमची लेक निधी तुझ्याकडे आहेत, म्हणून मी निर्धास्त आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. परवा एस.टी.डी.च्या बूथमधून फोन केला तर निधी माझ्याशी बोललीच नाही. "हे कोण काका?" असं तिने रूबीला विचारलेलं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. बाहेर लोक खोळंबले होते, म्हणून मी हसून फोन ठेवला. इथे भाजीवालीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना अक्का म्हणतात, त्यामुळे मी घराबाहेर पडलो की तुझी आठवण माझ्याबरोबर निघतेच.

तुला ठाऊकच आहे, आपल्या नगरच्या मंडळीने आजोबांच्या काळापासून आफ्रिकेत मिशनरी पाठवायचा निधी जमवला होता. तो मोजून झाल्यावर तिकिटाची चौकशी झाली, आणि मग समितीच्या ध्यानात आलं की जिथे आपली भाषा कुणाला कळत नाही तो परदेशच, मग बंगळूर काय वाईट. कोण जाणार, असं पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी उभा राहिलो तो डोक्यावरचा कुरकुरणारा पंखा बंद करायला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी डोळे पुसले, तूही पुसलेस. एवढ्या रडारडीत "मी पंख्यासाठी उठलो होतो" असं सांगण्याइतका निबर मी नाही. चित्रकलेचा मास्तर होतो, एका संध्याकाळात मिशनरी झालो.

इथे आल्यावर सहा वाक्यांचं कानडी भाषण पाठ केलं आणि दारोदार निघालो. लोक फार सज्जन. भाषण संपेपर्यंत कुणी मध्ये बोलत नाही, नंतर आत बसवतात आणि कॉफी देतात. "स्वल्प, स्वल्प" म्हटलं तरी पेला काठोकाठ भरतात. प्रभूचं वचन किती घरांत पोचलं ते तोच जाणे, त्या घरांतली कॉफी मात्र माझ्या पोटात पोचली आणि झोप उडाली. घरमालक शिवाप्पा अण्णांना वाटतं मी जागून उपासना करतो. ते आता माझ्या खोलीपुढून चपला हातात घेऊन जातात. मी आत छताकडे बघत निधीच्या वयाचा हिशेब करत असतो.

अशातच भागुबाई भेटल्या. बनशंकरीच्या देवळाबाहेर लिंबं विकतात. (इथे लिंबू अर्धं कापून पिळतात, साल उलटी करून त्यात तूप-वात घालतात आणि मंगळवारी-शुक्रवारी राहुकाळात देवीपुढे दिवा लावतात.) मी चपलेचा अंगठा तुटला म्हणून स्वतःशीच मराठीत चडफडत होतो, तर मागून मराठीतच आवाज आला, "कुठलं गाव म्हणायचं?" अक्का, मी तिथेच पायरीवर बसलो. बाई निपाणीकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा गेला, मुलगा कानडीच बोलतो, सून तर काहीच बोलत नाही. त्यांचं तारण करायचं असं ठरवून मी रोज जाऊ लागलो. त्या म्हणाल्या, बोल की, पण रिकाम्या हातानं बसू नको. तेव्हापासून मी शुभवर्तमान सांगतो आणि लिंबं कापतो. कापण्यात माझी प्रगती चांगली आहे.

आता यात मी खोटं कुठे बोललो सांग. मी समितीला कळवलं की रोज देवीच्या दारात बसून सेवा करतो. पाळकसाहेबांनी ते उपासनेत वाचलं, माझ्या जिवाच्या रक्षणासाठी उपास धरले, आणि अशा शूर माणसाला आणखी तीन वर्षं तिथेच ठेवावं असं बोलणं सुरू झालं. रूबीने ते मला अभिनंदनासकट लिहिलं. त्या दिवशी मला कॉफीसुद्धा गोड लागली नाही.

मागच्या मंगळवारी भागुबाई मला लिंबांजवळ बसवून आत गेल्या, त्या बऱ्याच वेळाने आल्या. विचारलं तर म्हणाल्या, दर मंगळवारी तुझ्या नावानं दिवा लावतोय की, तुला घरी धाडावं म्हणून. मी गडबडलो. माझ्यासाठी दुसऱ्या कुणापुढे दिवा चालायचा नाही, असं जरा चढ्या आवाजातच बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या देवाला तू सांगतोयसच. मी माझ्या ओळखीतल्या बाईला सांगितलं. पोराला बापाचं तोंड दिसाय नको?"

अक्का, मी त्यांच्यासाठी इतके महिने प्रार्थना केली ती त्या बदलाव्यात म्हणून. त्यांनी केली ती मी जावं म्हणून, आणि मी गेलो की त्यांच्याशी मराठीत बोलायला या गावात कुणी उरत नाही. हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. शिकवायला मी आलो होतो. फार लाजलो, आणि घरची इतकी आठवण आली की लिंबाच्या निमित्ताने डोळे चोळून घेतले.

भाऊजींना सलाम, निधीला पापा (काकांकडून का होईना).

तुझा
दावीद

ता. क. – वरचं पत्र समितीत वाचायला हरकत नाही, फक्त लिंबं आणि दिवा वगळ, म्हणजे वाचण्यासारखं फारसं उरणार नाही. खरं काम हे की मला परत बोलवायला लाव. मात्र मी मागितलं असं दिसू देऊ नकोस. तू एकदा रडलीस तरी पुरे, समितीवर त्याचा परिणाम होतो हे आपण पाहिलेलं आहे.

ता. क. दुसरा – पत्र खिशातच राहिलं आणि तेवढ्यात पाळकसाहेबांचं आलं. चर्चचं छप्पर गळतंय, आफ्रिकेचा निधी तिकडे वळवलाय, ईस्टरच्या आत निघून ये. तेव्हा रडू नकोस. धावतच भागुबाईंना सांगितलं. त्या खूश झाल्या, "बाईनं ऐकलं," म्हणाल्या (यावर मी वाद घातला नाही). मग खाली बघून लिंबं पुसायला लागल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या जागी दुसरा कोण धाडतील काय रे? धर्म सांगणारा असला तरी चालतंय. मराठी बोलणारा बघा म्हणावं."

अक्का, एवढं समितीत मांडशील?