पाचवी डहाळी

प्रिय सौदामिनी,

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या त्या रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमाराला मी बाभळीच्या फाट्यावर सायकलवरून उतरलो नाही. माझं जे काही बदललं ते तिथंच. लोक म्हणतात, भागवतनं कॉलेज सोडलं अन् वाया गेला. तसं न्हाई. कॉलेज महिन्याभरानं सुटलं.

काल दुपारी आपल्या कॉलेजातल्या मुकुलचा फोन आला. मी आता कंधारातच, रामलिंगकाकांच्या सायकलच्या दुकानात काम करतो, तुला कळलं असेलच. लातूरहून तुमचा ग्रुप उद्या, रविवारी येणार, आपला जुना फेरा मारणार, चार ट्यूब अन् एक चेन तयार ठेव, म्हणाला. मी म्हटलं, ठेवतो. पुढं सौदामिनी असेल ना? तर म्हणाला, “न्हाई रे, ती सगळ्यात मागं राहणार. वाटा आपल्याला कळत नाहीत म्हणते. पुढं मलाच जा म्हणून राहिली.” फोन ठेवला अन् हातातला पाना फेकला. काका म्हणाले, “पान्यानं काय केलं रे तुझं?” मुकुलचा राग मला अजून येतो, खरं सांगतो. तो लई चांगला आहे, त्याचाच येतो. पण काल तो राग त्याच्यावरचा नव्हता.

ज्या पोरीनं मला ही वाट दाखवली, तिला वाटा कळत नाहीत? मी इथलाच, शेतकऱ्याचा पोरगा, पण मला किल्ला म्हणजे शाळेची सहल अन् जगत्तुंग तळं म्हणजे म्हशी धुवायची जागा. तुझ्या बाबांची बदली झाली, तू लातूरहून आलीस, अन् पहिल्याच महिन्यात विचारलंस, “तुमच्या गावाला हजार वर्षांचं तळं आहे अन् तुम्ही तिथं म्हशी धुता?” मी म्हटलं, म्हशींनी काय पाप केलंय? तेव्हा जी हसलीस, तिथंच मी गेलो. तुझी लाल गिअरची सायकल; माझी सेकंडहँड, मागचा ब्रेक नुसता नावाला. किल्ल्याच्या दारातून निघायचं, खंदकाला वळसा, नदी ओलांडून बहादरपुरा, मग गाडीवाटेनं माळावर चढायचं, तळ्याच्या कडेनं उतरायचं, मानसपुरीत क्षेत्रपालाच्या त्या मोडक्या मूर्तीपाशी थांबायचं अन् परत किल्ला. वाटेत सात फाटे. तू प्रत्येक दगडापाशी उतरायचीस, वहीत चित्र काढायचीस. मला थांबायचं वावडं. तू म्हणायचीस, “जा रे तू पुढं, पण मी चुकले तर?”

त्यावर डहाळीची युक्ती माझीच, म्हणजे आमच्या आप्पांची. जत्रेला गाड्या निघाल्या की पुढचा गाडीवान फाट्यावर उतरतो, जायचं नाही त्या वाटेवर लिंबाची डहाळी आडवी टाकतो, वर दगड ठेवतो. सगळ्यात मागचा गाडीवान ती उचलून घेतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची फसगत होत नाही. आप्पा सांगायचे, पुढं जाणाऱ्याचं अर्धं ध्यान मागं पाहिजे. तुला ते इतकं आवडलं की तू उचललेल्या डहाळ्या हँडलच्या पिशवीत खोचून आणायचीस. किल्ल्यापाशी परत आलो की मोजून दाखवायचीस, सातच्या सात. मग तिथल्या हातगाडीवर मुरमुऱ्यांचा सुशीला खायचो आपण. तू शेंगदाणे वेचून आधी खायचीस, अन् मी मुरमुरे खात तुझ्याकडं बघायचो. तुला ठाऊक होतं का? असणारच.

त्या रविवारी खंदकापाशीच तू सांगितलंस की तू अन् मुकुल दोघांनी पुण्याला पुरातत्त्वाचा फॉर्म भरलाय. केवढी खुशीत होतीस. मी म्हटलं, मग सायकलवर पण त्यालाच घेऊन फिर. तू म्हणालीस, “तुझं डोकं म्हणजे पॅच मारलेली ट्यूब आहे भागवत, जरा हवा भरली की फुस्स.” एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी नाही हसलो. पायडल मारत सुटलो. पहिल्या चार फाट्यांवर डहाळ्या टाकल्या, भिरकावल्यासारख्या, पण टाकल्या.

तुझी आई, बाबा, पोलीस पाटील, सगळ्यांना माहीत आहे ते एवढंच, की पाचव्या, त्या बाभळीच्या फाट्यावर तू डावीकडं मानसपुरीला वळायच्या ऐवजी सरळ खदानीच्या वाटेला लागलीस. उतारावर मुरुमात चाक घसरलं. डावं मनगट दोन जागी मोडलं. पार्वतम्मा बकऱ्या घेऊन तिकडून गेली नसती तर काय झालं असतं, ते मी अजून मनात पुरतं आणू शकत नाही. तिचे बोल मला पाठ आहेत, “अय्यो पोरी, ह्या वाटंनं माझी बकरी पन येत न्हाई, तू कशाला आलीस!” अन् तू तशा कळांमध्ये तिला म्हणालीस, “आजी, तुमच्या बकरीनं माझी डहाळी खाल्ली.”

दवाखान्यात सिस्टरनं तुझी पिशवी रिकामी केली. वही, पेन्सिली, अन् चार डहाळ्या. तू मोजल्यास. म्हणालीस, “चारच. पाचवी मला दिसलीच नाही रे. माझंच लक्ष नव्हतं.” मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुझे बाबा आले. वसंतरावांनी माझे दोन्ही हात धरले अन् म्हणाले, “तू होतास म्हणून बरं.” ते तोंड मग मी मिटलंच.

पुण्याची प्रवेश परीक्षा तुझी हुकली. मुकुल पास झाला. तू प्लॅस्टरमध्ये कॉलेजला यायचीस, मी तुझ्यासाठी वही धरायचो, अन् तू मैत्रिणींना सांगायचीस, भागवत आहे म्हणून माझं निभतंय. तीनच आठवडे सहन झालं. मग एक दिवस प्रॅक्टिकलला सरांनी जर्नल मागितलं, तेवढंच निमित्त. जर्नल फाडून त्यांच्या टेबलावर टाकलं अन् निघालो. तू व्हरांड्यात आडवी आलीस, एका हातानं माझी बाही धरून म्हणालीस, “काय झालंय ते सांग तरी.” मी बाही सोडवून घेतली. घरी आप्पांना वाटलं भांडण, गावाला वाटलं तापट पोरगं. ती सगळी कारणं मला बरी वाटली, कारण खरं कारण त्यांच्यात दडून राहिलं. मग तुझ्या बाबांची परत लातूरला बदली झाली. निघायच्या दिवशी तू दुकानापर्यंत आलीस. मी आत बसून राहिलो, काकांना सांगायला लावलं, पोरगा न्हाई म्हणून.

आता ऐक. बकरीनं डहाळी खाल्ली नाही. तुझं लक्ष नव्हतं असंही नाही. पाचवी डहाळी नव्हतीच. त्या फाट्यावर डहाळी माझ्या कॅरिअरला बांधलेली होती, हात मागं केला असता तर लागली असती. मी वेग कमी केला, फाट्याकडं बघितलं अन् मनात म्हटलं, आज शोधू दे हिला मला. एवढंच. तुला पाडायचं नव्हतं, तुला जराशी भीती वाटावी, मी आठवावा, एवढंच पाहिजे होतं. मग मानसपुरीत त्या मोडक्या मूर्तीच्या दगडी पावलांशेजारी मी पाऊण तास बसलो होतो, तू धापा टाकत येशील अन् रागावशील म्हणून. तेव्हा तू खदानीत पडली होतीस. ही चूक माझी. तू दोन वर्षं ती आपली म्हणून वागवतेस अन् आज सगळ्यांच्या मागं चालणार आहेस, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, ती द्यावीस असं मी काही केलेलं नाही. मला विसरलीस तरी चालेल, परत लिहितो, चालेल. पण तुला वाटा कळत नाहीत असं परत म्हणू नको.

आता पहाटेचे पाच वाजलेत. तुम्ही सातला किल्ल्याच्या दारात जमणार. कॅरिअरला पाच डहाळ्या बांधल्यात, अंगणातल्याच लिंबाच्या. मुकुलला कळवलंय, डहाळी दिसेल ती वाट सोड, अन् डहाळ्या मागचीला उचलू दे. पाचव्या डहाळीखाली, दगडाखाली, हा कागद असेल. तिथं मी थांबणार नाही. सहाव्या अन् सातव्या फाट्यावर मी काही टाकलेलं नाही, आणि ह्या वेळेस ते तुला आधी सांगतोय. तिथून पुढं तू जा, मुकुलच्याही पुढं. त्या दोन फाट्यांवर टाकायला डहाळी तू मोड.

ट्यूबा अन् चेन काकांकडं ठेवल्यात. कागदाची घडी घालतो, दार ओढून घेतो, निघतो.

तुझाच, म्हणजे तू म्हणशील तेवढाच,
भागवत