गाळलेल्या ओळी

एकोडी, १ मे १९७२

खुशाल यांस,

दिघोरीच्या मुलीशी तुमचं लग्न ठरल्याचं ऐकून मला काही वाटलं नाही, असं मागच्या पत्रात मी लिहिलं. ते खोटं होतं. ते पत्र टाकलं नाही, हेही टाकणार नाही.

लढाईवरून तुम्ही आईच्या नावानं पत्रं पाठवलीत, कारण त्यांना वाचून दाखवणारी मीच होते. "मी येईपर्यंत थांब," अशा मधल्या ओळी माझ्यासाठी असत. त्या मी मनात वाचून पुढे जायचे.

काल तुमच्या आई म्हणाल्या, "पोरी, साक्षगंधाले दिघोरीचे पाहुणे येऊन राहिले. खुशालची पत्रं त्यायले वाचून दाखवजो."

"दाखवतो, मावशी."

यावेळी एकही ओळ गाळणार नाही. साक्षगंध गुरुवारी आहे, चार मेला.

यमुना