करवंदीतला डबा

१२ जानेवारी २०२५, रविवार
डबा लपवला! इगतपुरीच्या डोंगरावर, करवंदीच्या जाळीत, सपाट दगडाखाली. आत वही आणि पेन्सिल. खेळ साधा आहे — आपण डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश फोनच्या अ‍ॅपवर टाकायचे. लोकांनी तो शोधायचा आणि वहीत सही करायची. सूनबाईंनी, म्हणजे निकिताने, हा नाद लावला. ती नुसत्या फोनवर शोधते. मी माझं हातातलं जीपीएस यंत्र सोडत नाही. जमीन मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली, ती काय फोनकडे बघून! यंत्रातले आकडे वाचून अ‍ॅपवर स्वतः टाकले. निकिता म्हणाली, एकदा तपासू का? म्हटलं, माझी मोजणी तपासणारं अजून कुणी जन्मलेलं नाही.

१८ जानेवारी
चार जण जाऊन आले. कुणालाही सापडला नाही.

१९ जानेवारी, रविवार
निकिताने यंत्र मागितलं. जागेची खूण त्यात साठवलेली आहे, पण हिला त्यातली बटणं कुठे कळणार, म्हणून खुशाल दिलं. दुपारी परतली. हात करवंदीने ओरबाडलेले. सापडला का विचारलं, तर नुसती हसली आणि चहाचं आधण ठेवलं. बिचारी.

२ फेब्रुवारी
नऊ जण हरले! पुंजारामला फोन करून सांगितलं — मोजणीला माझी साखळी धरायचा तो. म्हणाला, "बाई, तुमी ठेवलेली वस्तू सापडती व्हय कुणाला!" कॉलनीतही सगळ्यांना सांगून झालं. मुलगा योगेश म्हणाला, आई, आता पुरे. निकिताने चहाचा कप पुढे केला.

९ फेब्रुवारी, रविवार
अ‍ॅपवर एकाने लिहिलं — डबा तिथे नाहीच, बाईंनी थाप मारली आहे. थाप! तडक इगतपुरी गाठली. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात फोन. यंत्र म्हणालं, इथेच. दगड उचलला, डबा जागच्या जागी. फोन म्हणाला, अजून चारशे मीटर.

आधी फोनला शिव्या घातल्या. मग दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले. यंत्र अंश-मिनिटांपुढे सेकंद दाखवतं, अ‍ॅपला मिनिटाचे दशांश हवे होते. तीस सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, पॉइंट पाच. मी पॉइंट तीस टाकलं! नऊ माणसं भलत्याच टेकाडावर दगड उलथत बसली आणि मी इथे फुशारक्या मारत होते. फार लाज वाटली. वहीत कुणाची सही असणार? न उघडताच डबा पिशवीत टाकून आणला.

१० फेब्रुवारी
अ‍ॅपवर माफी लिहिली, आकडा दुरुस्त केला, डबा रविवारी परत जागेवर ठेवते असंही कळवलं. मग वही उघडली.

पहिल्याच पानावर सही. निकिता, १९ जानेवारी. खाली बारीक अक्षरात — 'आई, तुमचं यंत्र बरोबर आहे. अ‍ॅपवरचा आकडा बघा. इथे पहिल्या तुम्हीच याल, म्हणून इथे लिहिलं. मी कुणाला सांगितलेलं नाही.'

तीन आठवडे माझ्या फुशारक्या ऐकत चहा करत होती पोर!

पुंजारामला पुन्हा फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, माझी मोजणी तपासणारी जन्मली आहे रे. आमची निकिता.