जमुनेचा फराळ

अमरावती, आषाढ वद्य ३, शके १८४१ (सन १९१९)

चि. सौ. वच्छलास किसनदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शेषराव लेकीला घेऊन सुखरूप घरी पोचले असतील. डॉक्टरांनी जमुनेला मधुमेहच ठरवला. चौदा वर्षांच्या पोरीला हा रोग, आणि त्यावर औषध नाही! पथ्य पाळले तरच दिवस वाढतील. भाकर, भात, गूळ, साखर बंद. लोणी, तूप, पालेभाजी खुशाल द्यावी. तिच्या रडण्याला भुलू नकोस. लहानपणी गुळासाठी रडून तू मला किती मार खायला लावलास, ते मी विसरलो नाही.

घरच्यांस आशीर्वाद. माया आहेच, ती अशीच ठेव.

किसन

बाळापूर, श्रावण शुद्ध १०

ती. दादांस वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

पोरगी म्हणते, मामानं मले लोणी देल्लं अन् भाकर नेली. आमच्या ताटांकडे बघत बसायची, मला घास गिळवेना. शेवटी मीच तोड काढली. बरी व्हावी म्हणून तिला श्रावणभर उपास धरायला लावला. तुमच्या डॉक्टरांपेक्षा माझे पथ्य कडक! अन्नाचा कण नाही, नुसता फराळ. मळ्यातली रताळी, भगर, शिंगाड्याचा बिनसाखरेचा शिरा. पोटभर खाते. तहान मात्र फार, आणि सारखी झोपते. उपासाचा शीण असेल.

धाकटीवर लोभ ठेवता, तसाच राहो.

वच्छला

अमरावती, श्रावण शुद्ध १२

वच्छला, फराळ आत्ताच्या आत्ता थांबव. रताळे काय, भगर काय, तिच्या पोटात सारे भाकरीसारखेच, असे डॉक्टर म्हणाले. पिठूळ सगळे बंद, असेच त्यांनी सांगितले होते. मी चार नावे लिहून मोकळा झालो. फराळ माझ्याही ध्यानात आला नाही. पत्र तिकडे निघालेल्या भगवंतरावांच्या हाती देतो. डॉक्टरांना घेऊन मागोमाग निघतोच.

किसन

बाळापूर, श्रावण वद्य १०

ती. दादांस शि. सा. न.

तुमचे पत्र पोचले, मागोमाग तुम्ही आलात, तेव्हा पोर गेलेली होती. दहाव्यालाही तुम्ही मान वर केली नाही, म्हणून लिहिते. तुम्हांला बोल लावत नाही. उपास मी धरवला.

बायका येऊन सांगतात, उपासात गेली, पोरीचे सोने झाले. यांनाही तेवढाच आधार आहे. तुमचे पत्र मी त्यांना दाखवले नाही, दाखवणारही नाही. पण एकटीने हे कसे सोसू?

दादा, शेवटच्या दिवशी तिने चतकोर भाकर मागितली होती. पथ्य मोडेल म्हणून मी दिली नाही. रताळे सोलून भरवले.

लोभ मागायला तोंड उरले नाही.

वच्छला